पिटर वापरूनही चेरीत बी राहते, तेव्हा काय तपासायचं

चेरीच्या बिया काढायला पिटर आणला: वाटीत चेरी ठेवायची, खटका दाबला की वरचा दांडा बी वाटीच्या तळाच्या भोकातून खाली ढकलतो. खटका दाबला, आवाज आला, चेरीला आरपार भोकही पडलं. आणि तरी केक खाताना कुणाच्या तरी दाताखाली बी आलीच. पुढच्या वेळी वेगळा पिटर, मग एकदम सहा चेरींचा मोठा पिटर, आणि गत तीच. "कोणता पिटर चांगला?" असं विचारणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण ही असते. म्हणून उत्तराआधी एक उलट प्रश्न: राहिलेली बी फळात नेमकी कुठे राहिली होती?

बी राहण्याचे प्रकार मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. पुढच्या वेळी बी सापडली की ती चेरी फेकू नका. उभी चिरा, भोक कुठून कुठे गेलंय ते बघा, बी कोणत्या बाजूला आहे ते बघा. दोन-तीन चेरी अशा पाहिल्या की दोष दांड्यात आहे, वाटीत आहे, फळात आहे की आपल्या हातात, हे कळतं. ते कळल्याशिवाय नवं यंत्र घेणं म्हणजे जुनीच अडचण नव्या रंगात विकत घेणं.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकू. एकही बी न सोडणारं यंत्र नाही, कारखान्यातलंही नाही. अमेरिकेतल्या डबाबंद चेरीच्या सरकारी मानकात "बिया काढलेली" असं लिहिलेल्या मालातही दर 20 औंसांमागे, म्हणजे साधारण 567 ग्रॅममागे, एका बीची सूट दिलेली आहे. तेव्हा चांगल्या यंत्राने काम कमी होतं, तपासणी टळत नाही. तपासणी सोपी कशी करायची ते पुढे येईलच.

भोक एका कडेला, बी आत तशीच

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. दांडा फळातून आरपार गेला, पण बीच्या शेजारून. बी साधारण सेंटीमीटरभराची, गोलसर आणि गुळगुळीत. दांडा तिच्या मधोमध टेकला तर ती सरळ खाली जाते. कडेला टेकला तर ती गरात बाजूला सरकते आणि दांडा मोकळाच खाली उतरतो. आवाज मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो, त्यामुळे आवाजावर भरवसा ठेवू नये.

याचं कारण बहुतेक वेळा वाटी आणि फळ यांचं माप न जुळणं. पिटरची वाटी मोठ्या, टणक, गोड चेरीच्या मापाने केलेली असते. त्या जातींचं फळ 25 ते 30 मिलिमीटरपर्यंत जातं. आंबट चेरी त्यापेक्षा बरीच लहान. लहान चेरी मोठ्या वाटीत पडली की ती कलंडते, आणि दांडा खाली येताना तिला आणखी कलंडवतो. म्हणून पिटर घेताना वाटीचा व्यास आणि तळाच्या भोकाचा व्यास बघायचा. मूठ किती मऊ आहे, रंग कोणता आहे, हे नंतर. लहान आणि मोठी अशा दोन वाट्या बदलता येणारे पिटर मिळतात; ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची चेरी येते त्यांनी तेच घ्यावेत.

वाटी बदलता येत नसेल तर दोन उपाय. पहिला, चेरी नेहमी एकाच पद्धतीने ठेवायची: देठ काढून देठाची खळगी बरोबर वर, दांड्याच्या समोर. बी देठापासून टोकापर्यंतच्या रेषेवर असते, त्यामुळे दांडा खळगीतून शिरला की बीवरच येतो. चेरी आडवी पडली असेल तर नशीब. दुसरा उपाय, सुरुवातीलाच फळं मापाने निवडून वेगळी करायची आणि लहान चेरी हाताने करायच्या. कंटाळवाणं वाटतं, पण किलोभर चेरी निवडायला लागणारा वेळ नंतर बिया शोधायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमीच असतो.

बी खालच्या सालीला लटकलेली

भोक मधोमध आहे, बी जवळजवळ बाहेर आली आहे, पण तळाच्या सालीत किंवा गराच्या एका धाग्यात अडकून राहिली. इथे दांड्याची चाल अपुरी पडते. खटका पूर्ण दाबल्यावर दांड्याचं टोक वाटीच्या तळाच्या बरंच खाली गेलं पाहिजे. रिकामा पिटर दाबून आडव्या नजरेने बघा: टोक तळाच्या भोकातून स्पष्ट बाहेर आलं पाहिजे. जेमतेम तळाशी येऊन थांबत असेल तर तो पिटर असाच वागणार. त्यावर युक्ती नाही, परत करता येत असेल तर करा.

दांड्याची चाल पुरेशी असूनही असं होत असेल तर हात अर्ध्यावर थांबतोय. रस उडेल म्हणून आपण नकळत हळू आणि अर्धवट दाबतो. दाब शेवटपर्यंत न्या, तिथे क्षणभर थांबा, मग सोडा. या क्षणभर थांबण्याने बी तुटून खाली पडते. जास्त पिकलेल्या चेरीची साल फाटण्याऐवजी ताणली जाते, तिथे तर हे हमखास लागतं.

बी दांड्याबरोबर परत वर

ही खोडी फसवी. बी खाली गेलेली असते, पण चिकट रसामुळे दांड्याच्या टोकाला धरून राहते आणि स्प्रिंग दांडा वर ओढते तेव्हा पुन्हा फळात शिरते. टोकाचा आकार इथे महत्त्वाचा. अधिकच्या चिन्हासारखी चार पात्यांची टोकं गर सहज कापतात आणि बीवरून घसरत नाहीत, पण पात्यांमधल्या खाचांत गर साचला की बी तिथेच चिकटते. किंचित खोलगट टोक बीला नीट धरतं, मात्र टणक फळाला जास्त जोर लावावा लागतो. दोन्ही चालतात, गर साचू न देणं महत्त्वाचं. दर वीस-पंचवीस चेरींनंतर दांडा पाण्यात बुचकळून काढा. वाळत चाललेला साखरेचा रस हा चांगल्या पिटरचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

याच ठिकाणी फळ थंड असण्याचा मोठा फायदा होतो. चेरी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग काढल्या तर गर घट्ट राहतो, रस कमी सुटतो आणि बी स्वच्छ निघते. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या सबंध चेरींच्या बिया मात्र नीट निघत नाहीत: गोठताना गराच्या पेशी फुटतात, आणि वितळल्यावर फळ लगदा होतं. गोठवायच्याच असतील तर बिया आधी काढा. आधीच गोठवून ठेवल्या असतील तर पूर्ण वितळू न देता, अर्धवट कडक असतानाच पिटरखाली घ्या.

चेरी फाटते, निम्मा गर बीबरोबर जातो

वाटीच्या तळाचं भोक फार मोठं असेल तर बीबरोबर गराचा गोळाही ढकलला जातो. पिटरखाली जमलेल्या बिया बघा. बीला पातळसा गर चिकटलेला असेल तर ठीक, जाड थर असेल तर फळ मऊ आहे किंवा भोक मोठं आहे. आंबट चेरी मुळातच मऊ आणि रसाळ; तिला स्प्रिंगवाला पिटर बऱ्याचदा नकोच. तिच्यासाठी केसांची साधी पिन किंवा वाकवलेला पेपरक्लिप उत्तम: पिन बुचात किंवा लाकडी तुकड्यात खोचायची, गोल टोक देठाच्या खळगीतून आत घालायचं, बीखाली न्यायचं आणि उचलायचं. फळाला एकच भोक पडतं, रस आत राहतो, आणि प्रत्येक बी डोळ्यांसमोर बाहेर येते, म्हणजे तपासणीही तिथेच होते. मोठ्या टणक गोड चेरीला हीच पिन जड जाते. गर बीला घट्ट धरून असतो आणि मनगट दुखतं.

एका चेरीत दोन बिया

मोजून, जपून, थंड करूनही अधूनमधून बी सापडतेच, तर जोडचेरी शोधा. दोन चेरी एकमेकींना चिकटून वाढल्यासारखं हे फळ दिसतं, मध्ये खाच असते. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, पुढच्या हंगामाच्या कळ्या घडत असताना फार उष्णता पडली, की एकाच फुलात दोन स्त्रीकेसर तयार होतात आणि अशी फळं धरतात. त्यामुळे कडक उन्हाळ्यानंतरच्या हंगामात त्या जास्त दिसतात. पिटरचा दांडा त्यातली एक बी काढतो किंवा दोन्हींच्या मधून जातो. निवडतानाच त्या बाजूला काढा आणि सुरीने करा.

एकदम सहा करणारा पिटर आणि बाकीची मोठी यंत्रं

यांच्याकडून अपेक्षा फार असतात, म्हणून निराशाही जास्त. सहा दांडे एकदम खाली न्यायचे म्हणजे जोरही जवळजवळ सहापट लागतो; बसून मुठीने दाबलं तर एका कोपऱ्यातले दांडे पूर्ण खाली जातच नाहीत. ओट्यावर ठेवून, उभं राहून, दोन्ही तळहातांनी समान दाबायचा. शिवाय सहाही चेरी सारख्या मापाच्या हव्यात. मिश्र मापाच्या टोपलीत हा पिटर एकेरी पिटरपेक्षा जास्त बिया सोडतो, आणि कोणत्या चेरीत सोडली ते कळत नाही. दर खेपेला तळाच्या डब्यातल्या बिया मोजा. सहा असतील तर पुढे. पाच असतील तर याच सहांपैकी एकीत बी आहे, शोध तिथेच संपतो. निवडलेल्या, टणक, मोठ्या चेरी असतील तर मात्र हा खरंच वेळ वाचवतो.

वर ताट, उतारावरून घरंगळणाऱ्या चेरी आणि बाजूला खटका अशी टेबलावर बसणारी यंत्रं एकेका चेरीवरच काम करतात, पण हाताने ठेवायचा वेळ वाचवतात. त्यांची खोड म्हणजे चेरी कशीही पडते, देठाची खळगी वर येईलच असं नाही. देठाचा एक तुकडा राहिला तरी रांग अडते. तळाचा रबरी चोषक फक्त गुळगुळीत आणि कोरड्या पृष्ठभागावर धरतो. खडबडीत लाकडावर यंत्र प्रत्येक दाबाला उड्या मारतं. दोन-तीन किलोंच्या वर काम असेल तरच याचा विचार करा, आणि ते ठेवायला जागा आहे का हेही बघा.

टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची, हँडल फिरवायची ओतीव लोखंडाची जुनी यंत्रंही अजून फिरत असतात. फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइझ मॅन्युफॅक्चरिंग कंपनीसारख्या अमेरिकी कारखान्यांनी ती पुष्कळ बनवली. यांत दातेरी चाक फळ ओढून बी पिळून काढतं. वेग चांगला, पण फळ फाटतं आणि बियाही जास्त सुटतात. जाम, सिरप, रस यांना ठीक. केकवर सबंध चेरी दिसायला हवी असेल तर नाही. चाक आणि भिंतीमधली फट फळाच्या मापाला जुळवून घ्यायचा स्क्रू असतो, तो न फिरवताच लोक यंत्राला नावं ठेवतात.

काहीच विकत घ्यायचं नसेल

अरुंद तोंडाची रिकामी बाटली आणि एक काडी पुरते. चेरी बाटलीच्या तोंडावर खळगी वर करून ठेवायची, जाडसर, बोथट काडी वरून दाबायची, बी बाटलीत पडते. काडी बोथट हवी. टोकदार काडी बीवरून घसरते. धातूची जाड स्ट्रॉही चालते, पण ती गराचाही गोल तुकडा काढते. आणि जाम करायचा असेल तर यातलं काही नको: चेरी ओट्यावर ठेवून रुंद सुरीच्या पात्याने हलकेच दाबायची, ती फुटते, बी बोटांनी उचलायची. किलो-दीड किलोपर्यंत हा मार्ग पिटरच्या बरोबरीने चालतो असं माझं मत आहे, धुण्याचा वेळ धरला तर किंचित पुढेच.

रस उडण्याचा वैताग वेगळा. रस मुख्यतः खाली, बी बाहेर पडते त्या दिशेने उडतो. म्हणून पिटर ताटलीवर धरण्याऐवजी खोल पातेल्याच्या आत धरून दाबायचा. रस झाकणारी नळी असलेले पिटर चांगले, फक्त ती नळी काढून धुता आली पाहिजे.

तपासणी

शेवटी प्रत्येक चेरी बघावीच लागते. सगळ्यात सोपं: बिया काढलेल्या चेरी मोठ्या ताटात एका थरात पसरा आणि तळहाताने हलकेच दाबत फिरा. बी असलेली चेरी लगेच हाताला लागते. वाटीत ढीग करून चाळवल्याने बी सापडत नाही. आणि एवढं करूनही, वाढताना पाहुण्यांना "एखादी बी असू शकते" एवढं एक वाक्य सांगून ठेवा.

पीच, प्लम, जर्दाळू: इथे यंत्र कमी, फळाची जात जास्त

चेरीचा अनुभव घेऊन लोक पीचसाठीही यंत्र शोधतात. इथे अडचण वेगळी आहे. या फळांचे ढोबळ दोन प्रकार: काहींची बी पिकल्यावर गरापासून सुटी होते, काहींची गराला चिकटूनच राहते. मधलेही असतात. पीचमध्ये हंगामाच्या सुरुवातीला येणाऱ्या जाती बहुधा चिकट बीच्या, नंतरच्या सुट्या बीच्या. चिकट बीच्या पीचचे दोन भाग करून पिळत बसलात तर हातात लगदा येतो, आणि तो दोष सुरीचा नसतो.

आधी ओळखा. फळाच्या अंगावर देठापासून टोकापर्यंत एक खाच असते. तिच्यावरून सुरी बीपर्यंत घालून गोल फिरवा. बी चपटी असते आणि तिची धार या खाचेच्या रेषेतच असते, त्यामुळे इथून कापलं की बीची रुंद बाजू दोन्ही भागांत उथळ बसते. आता दोन भाग विरुद्ध दिशांना हलकेच फिरवा. सुटले तर बी सुटी. न सुटल्यास थांबा, जोर नको. दुसरं पीच घ्या आणि बीच्या कडेने उभ्या फोडी कापून काढा. फोडीला दोन्ही बाजूंनी काप दिले की ती बीपासून सुटते. अर्धवट सुटलेल्या फळात राहिलेली बी दातेरी कडेच्या चमच्याने कोरून काढता येते. बीत सुरीचं टोक खुपसून उचकटायचं नाही, आणि फळ तळहातावर धरून कापायचं नाही, पाटावर ठेवायचं.

दुसरी गोष्ट पिकण्याची. चेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही. जशी आणली तशीच, म्हणून थंड आणि घट्ट असतानाच काम करावं. पीच, प्लम, जर्दाळू तोडल्यानंतरही पिकतात. सुट्या बीच्या जातीचं फळही कडक असताना बी सोडत नाही. ते फ्रिजबाहेर एक-दोन दिवस ठेवा, देठापाशी किंचित दबलं की कापा. हा एवढा उपाय पुष्कळदा पुरतो.

प्लमची बी ढकलून फळाच्या फोडी करणारं यंत्र मिळतं. ते लांबट, सुट्या बीच्या प्लमवर छान चालतं आणि गोल, चिकट बीच्या प्लमवर सपशेल फसतं. जर्दाळूला यंत्रच नको. पिकलेलं जर्दाळू खाचेवर अंगठ्यांनी उघडतं. ऑलिव्हच्या बिया चेरीच्या पिटरने निघतात, मात्र ऑलिव्हची बी लांबट असल्याने फळ उभं बसलं पाहिजे. आंब्याचे काप करणाऱ्या अंडाकृती पात्याच्या यंत्राचंही असंच आहे: कोयीची जाडी पात्याच्या फटीशी जुळली तर ठीक, नाहीतर सुरी बरी.

कधी पीच कापल्यावर बी आतच फुटलेली निघते, कवचाचे बारीक तुकडे गरात असतात. फळ वाढत असताना आतली बी तडकल्याने हे होतं. तेवढा भाग उदारपणे कापून टाका, तुकडे वेचत बसू नका. ते दाताला बीइतकेच लागतात.

बिया मिक्सरमध्ये नकोत

बिया काढायचा कंटाळा म्हणून सबंध फळं मिक्सरमध्ये फिरवून गाळून घ्यायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. या बियांच्या आतल्या मगजात अमिग्डलिन नावाचं द्रव्य असतं आणि मगज चिरडला की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. चुकून गिळलेली सबंध बी सहसा तशीच बाहेर पडते. कुटलेल्या बियांची गोष्ट वेगळी. जर्दाळूच्या कच्च्या मगजाबद्दल युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली सांगितलं की प्रौढ माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान मगज खाल्ले तर सायनाइडची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि अगदी लहान मुलाच्या बाबतीत त्याला एक लहान मगजही पुरतो.

डाग आणि धुणं

चेरीचा रंग आम्लात लाल राहतो आणि साबणाच्या अल्कलीत निळसर-करडा होतो. म्हणून पाटावरच्या किंवा कपड्यावरच्या डागाला थेट साबण लावू नये. आधी थंड पाणी, मग लिंबू किंवा व्हिनेगर, शेवटी साबण. कापलेलं पीच किंवा जर्दाळू काळं पडू नये म्हणूनही लिंबूच कामाला येतं, आणि सुरी स्टेनलेस स्टीलची असावी. साध्या लोखंडाने गर लवकर काळवंडतो.

पिटर वापरल्याबरोबर धुवा, दांडा वरखाली करत वाहत्या पाण्याखाली. स्प्रिंग आणि बिजागरीत रस वाळला की पुढच्या वेळी दांडा अर्ध्यावर अडतो, चाल कमी पडते आणि बी पुन्हा सालीला लटकते. अडलाच तर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, साखर विरघळू द्या. जोर लावू नका. प्लास्टिकच्या पिटरची बिजागरी आधी तुटते.